ठिपक्यांवरून बिबट्यांची मोजणी

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तो सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरला आहे. पण तेथे वाघ आहे का? मे २०१८ मध्ये चांदोलीत एका स्वयंचलित कॅमेऱ्याने वाघ टिपला. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एक वाघ टिपला गेला. त्याचे पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहता तो २०२२ साली राधानगरीत दिसलेलाच वाघ निघाला! दोन छायाचित्रांवरून एवढे कळले की राधानगरी ते चांदोली ही वाट वाघासाठी अजून मोकळी आहे. मधले रान तुटले तर ती बंद होईल.

हा कॅमेरा झाडाला बांधून ठेवतात. मग बटण कोण दाबते? प्राणी स्वतःच! प्रत्येक उष्ण वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. वीनच्या नियमाप्रमाणे २८९८ या संख्येला केल्व्हिनमधील तापमानाने भागले की सर्वांत तीव्र किरणांची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. प्राण्याच्या अंगाचे तापमान ३०० केल्व्हिन धरले तर ती सुमारे ९.७ येते. हे किरण आपल्याला दिसत नाहीत, पण कॅमेऱ्यातील संवेदकाला जाणवतात. आसपासच्या तापमानाहून वेगळे असे काही समोरून सरकले की कॅमेरा चालू होतो. म्हणूनच एप्रिल-मेच्या दुपारी, खडक आणि प्राणी सारखेच तापलेले असताना, तो कधीकधी फसतो.

पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात, कारण डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर तसेच नसतात. बिबट्याच्या ठिपक्यांचेही तेच.

आता मोजणी. समजा, पहिल्या फेरीत ८ वेगवेगळे बिबटे टिपले. दुसऱ्या फेरीत १० टिपले, त्यांपैकी ४ पहिल्या फेरीतलेच. म्हणजे दुसऱ्या फेरीतील दहांत चार ओळखीचे. तेच प्रमाण साऱ्या रानाला लावू या. आठ ही एकूण संख्येच्या चार-दशांश ठरते.

एकूण बिबटे = (८ × १०) ÷ ४ = २०

अर्थात, दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात कोणी आले-गेले नाही आणि प्रत्येक बिबट्या टिपला जाण्याची शक्यता सारखी, असे आपण गृहीत धरले आहे. खऱ्या रानात हे पुरते खरे नसते; संशोधक त्यासाठी अधिक अवघड गणित वापरतात.

यात छायाचित्रकाराचे कसब कोठे आले? बिबट्या सेकंदाला १ मीटर चालतो असे धरा. झडप १/५० सेकंद उघडी राहिली तर तेवढ्यात तो २ सेंटिमीटर सरकतो आणि ठिपके एकमेकांत मिसळतात. १/५०० सेकंदात तो २ मिलिमीटरच सरकेल. ठिपके स्पष्ट येतील. अस्पष्ट चित्रामुळे त्या चारांपैकी एक जुना बिबट्या नवा समजला गेला, तर ८० ला ३ ने भागावे लागेल. उत्तर सुमारे २७! रानात नसलेले सात बिबटे कागदावर जन्माला आले. संख्या वाढलीच आहे असे समजून संरक्षण ढिले पडले, तर तोटा खऱ्या वीसांचा.

उलट चूक झाली, म्हणजे एक नवा बिबट्या जुना समजला गेला, तर उत्तर किती येईल? वहीत करून पाहा.