शब्दांची सोबत : इंडोनेशियन विद्यार्थ्यांच्या इंग्रजी भाषांतराचा धडा

इंडोनेशियात विद्यापीठातील विद्यार्थ्याला ‘महासिस्वा’ म्हणतात. ‘सिस्वा’ म्हणजे शिष्य. ‘गुरु’ हा शब्दही तेथे शिक्षकासाठीच रूढ आहे. सातव्या शतकात चिनी भिक्षू इत्सिंग नालंदेकडे येताना सुमात्रातील श्रीविजय येथे संस्कृत व्याकरण शिकण्यासाठी थांबला होता. परभाषेच्या अध्ययनाची अशी जुनी परंपरा असलेल्या त्या भूमीतील आजचा महासिस्वा इंग्रजीत भाषांतर करताना कोठे अडखळतो, हे आम्ही मुद्दाम येथे मांडत आहोत.

इंडोनेशियन क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, त्यामुळे काळाच्या चुका होतात. त्या शिक्षकाला चटकन दिसतात. शब्दांच्या जोडीतील चुका मात्र फसव्या असतात, कारण तेथे प्रत्येक शब्द सुटा पाहिला तर बरोबरच असतो. इंडोनेशियनमध्ये औषध ‘पितात’, गोळी असली तरी. म्हणून विद्यार्थी ‘ड्रिंक मेडिसिन’ लिहितो. इंग्रजीला तेथे ‘टेक’ हवे. ‘कोपी कंताल’ म्हणजे दाट कॉफी. ती ‘थिक कॉफी’ होते, इंग्रज तिला ‘स्ट्राँग’ म्हणतो. (आपण चहाला ‘कडक’ म्हणतो, तर्क कोणाचाच सरस नाही.) ‘ओरांग तुआ’ म्हणजे शब्दशः वृद्ध माणूस, पण अर्थ आईवडील. ‘कंबिंग हिताम’, काळी शेळी, म्हणजे दुसऱ्याच्या दोषासाठी बळी दिला जाणारा. ‘ब्लॅक गोट’ लिहिल्याने इंग्रज वाचकाला काहीच कळत नाही.

याउलट रेल्वेला ते ‘करेता आपी’ म्हणतात, हुबेहूब आपली आगगाडी! तरी तिचे ‘फायर कॅरेज’ सहसा कोणी करत नाही, कारण ‘ट्रेन’ हा शब्द तो अखंड अर्थासह शिकलेला असतो. आमच्या मते सगळा उलगडा येथेच आहे. जे जोडीने शिकले ते टिकते. जे सुटे शिकले ते स्वभाषेच्या साच्यात जुळवले जाते. लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक राहिलेले भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनीही शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, असेच प्रतिपादन केले.

‘चूक करणे’ला इंडोनेशियनमध्येही ‘करणे’ हेच क्रियापद लागते. म्हणून ‘डू अ मिस्टेक’ जावातही लिहिले जाते आणि जालन्यातही. आपली मुले ‘परीक्षा देणे’चे ‘गिव्ह एक्झाम’ करतात. जावातील अनेक मुलांची घरची भाषा जावानीज, शाळेची इंडोनेशियन आणि इंग्रजी तिसरी. आपल्याकडे अहिराणी वा गोंडी बोलणाऱ्या मुलाची वाट तशीच. मुलाखतीत अशा एका जोडीवर हशा होतो आणि शिकणाऱ्या पहिल्या पिढीचा तरुण पुढे इंग्रजीत तोंडच उघडत नाही. त्याची बुद्धी कमी नसते. त्याला शब्द दिले गेले, त्यांची सोबत दिली गेली नाही. ‘इंग्रजी कच्चे’ हा शेरा आम्हाला म्हणूनच अन्यायकारक वाटतो.

पालकांनी मुलांच्या वह्या उघडून पाहाव्यात. ‘मेडिसिन : औषध’ अशी नोंद असेल, तर तेथे ‘टेक मेडिसिन : औषध घेणे’ असे लिहून घ्यावे. वंदना म्हणणाऱ्या आपल्या मुलांना ‘शरण’पुढे ‘जाणे’ येते हे कोणी व्याकरणातून शिकवलेले नाही. इंग्रजीत तेथे बहुधा ‘टेक रेफ्यूज’ म्हणतात. ‘जाणे’च्या जागी ‘घेणे’. वहीतील पहिली जोडी हीच असू द्यावी.