फॅटची पावती

पिरंगुटच्या आमच्या जिममध्ये वजनकाट्यासारखं एक यंत्र आहे. वर उभं राहिलं की चरबीची टक्केवारी छापून पावती बाहेर येते. आकड्यात दशांश चिन्ह दिसलं की माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो. पावत्या देता देता समजलेलं थोडं:

१. यंत्र चरबी मोजत नाही. तळपायातून अगदी मंद वीज सोडून तिला किती अडथळा येतो, तेवढं बघतं. स्नायूंत पाणी भरपूर, त्यातून वीज सहज जाते, चरबीत अडते. पुढे उंची, वजन, वय घालून सूत्राने काढलेला अंदाज. उंची चुकीची घातली तरी फॅट बदलतं.

२. खरा घोळ पाण्याचा. आमच्या मुळशी तालुक्यात कुस्तीचं वेड जुनं. २०१७ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा इथल्या भूगावातच झाली. वजनगटात बसायला पोरं स्वेटर घालून पळतात, पाणी तोडतात. असाच एक पैलवान आदल्या दिवशी घाम गाळून काट्यावर चढला. वजन उतरलेलं, फॅट मात्र वाढलेलं! "वस्तादांना काय सांगू?" म्हणून हबकला. चरबी होती तेवढीच होती, पाणी आटल्याने अडथळा वाढला होता. गंमत म्हणजे व्यायाम संपल्या संपल्या, अंग तापलेलं असताना, हेच यंत्र फॅट कमीही दाखवू शकतं. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, संडास-लघवी उरकून आणि व्यायामाआधीच मोजावं. आदल्या रात्री दारू नको. (लग्नसराईत हे सांगून उपयोग नसतो.)

३. तळपाय बघा. भातलावणी करून आलेल्या मावशींच्या टाचा भेगाळलेल्या, कातडी जाड आणि कोरडी. तिथेच वीज अडते. ओल्या फडक्याने पाय पुसून घ्यायचे, दरवेळी तसेच.

४. पाळीच्या आधी अंग पाणी धरतं. बायकांनी महिन्याच्या त्याच सुमाराला मोजलेलं बरं.

५. चिमट्याने, म्हणजे कॅलिपरने, मोजायचं तर दरवेळी मोजणारा हात तोच हवा. कातडीची घडी बोटभर इकडेतिकडे धरली की माप बदलतं. शिवाय सूत्र कुणाच्या अंगावरून बेतलंय? सर्रास वापरलं जाणारं डर्निन-वोमर्सलीचं १९७४ चं सूत्र स्कॉटलंडमधल्या माणसांवरून काढलेलं आहे.

६. तिकडच्या लोकांचं माप आपल्याला का बसत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच अंगावर दाखवलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने फोटो आला. दोघांचा बीएमआय २२.३. डेक्सा या क्ष-किरण यंत्रावर चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! हातपाय काटक आणि आत चरबी, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना. "मी कुठे जाड आहे?" असं ठणकावून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट ऐकवतो.

७. फक्त पायांतून मोजणाऱ्या यंत्राची वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. पोट वाटेत फारसं येतच नाही. म्हणून पावतीबरोबर शिंप्याची टेप लावतो. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की पावतीवर काहीही छापून येवो, मी डॉक्टरांकडे पाठवतो.

८. दोन वेगळ्या यंत्रांच्या पावत्या शेजारी ठेवून माझ्याशी वाद घालू नये. एकाच यंत्राच्या तीन-चार महिन्यांच्या पावत्या आणा, मग बोलू.