फ्यूज काय सांगतो?

पावसाळ्यातील सकाळ. न्हाणीघरातील बादलीत पाणी तापविण्याचा रॉड सोडलेला असतो. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत शाळेच्या गणवेशावर इस्त्री फिरू लागते आणि दिवे, पंखे एकदम बंद पडतात. ‘फ्यूज उडाला’ असे म्हणत कुणीतरी स्टुलावर चढतो, हाताशी सापडेल ती तार फ्यूजमध्ये गुंडाळतो व वीज पूर्ववत सुरू होते. घरातील सर्वांना हायसे वाटते. वस्तुतः धोक्याचा आरंभ येथूनच होतो.

चिनी मातीच्या, बोलीभाषेत ‘किटकॅट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्यूजमधील तार ही विजेच्या वाटेत मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा होय. भिंतीतील तारा तापून त्यांचे वेष्टन जळू लागण्यापूर्वी ही तार वितळावी व प्रवाह खंडित व्हावा, एवढेच तिचे काम. कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या या तारेची जाडी ५ अँपिअरसाठी सुमारे ०.२ मिलिमीटर, तर १५ अँपिअरसाठी सुमारे ०.५ मिलिमीटर असते. वायरीतून सोललेली जाड तार तेथे घातली की दुबळा दुवा नाहीसा होतो. मग वितळण्याची पाळी भिंतीतील तारांवर येते.

वरील उदाहरणातील हिशेब सोपा आहे. वॅटला २३० व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. १,५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो व १,००० वॅटची इस्त्री सुमारे सव्वाचार. दोन्ही मिळून जवळजवळ ११ अँपिअर झाले. तारेचा फ्यूज त्याच्या नियत क्षमतेच्या साधारण दुप्पट प्रवाहाला वितळतो. म्हणून ५ अँपिअरचा फ्यूज येथे जातो. मात्र एकटा रॉड लावल्यास तो बहुधा जात नाही, आणि ६ अँपिअरचा छोटा सॉकेट तेवढ्यात गरम होऊ लागतो. फ्यूज शाबूत आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे मुळीच नव्हे. रॉड, गीझर यांसाठी १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा.

गेलेला फ्यूज आपल्या मृत्यूचे कारणही सांगतो. मेन स्विच बंद करून तो काढून पाहावा. तार मध्येच शांतपणे वितळून तुटली असेल तर भार अधिक झाला होता. चिनी मातीवर काजळी व तांब्याचे बारीक कण उडालेले दिसले तर शॉर्ट सर्किट झाले आहे, असे समजावे. अशा वेळी दोष शोधल्याविना नवी तार घालू नये. अमेरिकेतील जुन्या घरांत दिव्यासारखा आट्याने बसणारा प्लग फ्यूज असतो. त्याच्या काचेच्या खिडकीतूनही हेच निदान करतात : काच स्वच्छ व पट्टी तुटलेली असेल तर अतिभार, काच काळवंडलेली असेल तर शॉर्ट सर्किट. तेथील मंडळी गेलेल्या फ्यूजमागे तांब्याचे नाणे सरकवीत. माणसाची युक्ती सर्वत्र सारखीच! अखेर तेथे अशी बनावट करण्यात आली, की १५ अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज बसूच नये.

फ्यूज ठीक असूनही एखादा सॉकेट चालत नसेल तर प्रथम तेथील उपकरण दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहावे. पुष्कळदा दोष उपकरणात किंवा त्याच्या वायरीत असतो. टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखून घ्यावा. समोरून पाहता उजवे छिद्र फेजचे, डावे न्यूट्रलचे व वरचे मोठे अर्थिंगचे. बटण चालू असताना उजवीकडे टेस्टर लागला नाही तर फेज तुटलेला आहे. दोन्ही छिद्रांत लागला तर बहुधा न्यूट्रल तुटलेला असतो. ही अवस्था फसवी : दिवा लागत नाही, म्हणून वीज नाही असे वाटते, परंतु स्पर्श करणाऱ्यास झटका बसतो. न्यूट्रलवर फ्यूज नसावा, हा नियम त्याचसाठी आहे. सॉकेट काळा पडला असेल, प्लग सैल बसत असेल वा जळका वास येत असेल तर तो वापरणे थांबवून परवानाधारक वायरमनकडून बदलून घ्यावा. मीटरपूर्वीच्या सीलबंद कटआऊटला मात्र ग्राहकाने किंवा खाजगी वायरमनने हात लावू नये. ते काम वीज कंपनीचे.

नव्या घरांत फ्यूजऐवजी एमसीबी असतात. त्यांनाही हीच गोष्ट लागू : वारंवार पडणारी एमसीबी काढून मोठ्या क्षमतेची बसविणे म्हणजे जाड तार घालणेच होय.

आणखी एक गैरसमज दूर व्हावयास हवा. फ्यूज तारांचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. प्राण घेण्यास एका अँपिअरचा अल्पसा अंशही पुरतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याची दादही लागत नाही. त्यासाठी पक्के अर्थिंग, तीन पिनांचा प्लग व ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. या आरसीसीबीवर चाचणीचे एक बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. दाबताच वीज गेली पाहिजे. न गेल्यास त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.