फ्रँक्लिनची वही

मनुष्याने उद्योगी कसे व्हावे, निरोगी कसे राहावे आणि सुखी कसे असावे, हे सांगणारे ग्रंथ जगातील अनेक भाषांत आहेत. लवकर उठावे, मोजके खावे, वेळ वाया घालवू नये, खरे बोलावे, हे उपदेश आपणा सर्वांस तोंडपाठ असतात. परंतु पाठ झालेला उपदेश अंगी उतरतोच असे नाही. मग तो अंगी उतरावा कसा? अमेरिकेतील एका मुद्रकाने या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा वहीच्या साहाय्याने शोधले. त्याचे नाव बेंजामिन फ्रँक्लिन.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बॉस्टन या गावी झाला. त्याचे वडील साबण व मेणबत्त्या तयार करीत. सतरा भावंडांत बेंजामिन पंधरावा होता. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्याला जेमतेम दोन वर्षे शाळेत जाता आले. बाराव्या वर्षी तो आपल्या वडील भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून काम करू लागला. दिवसभर खिळे जुळवावेत आणि रात्री, कोणाकडून तरी मागून आणलेले पुस्तक वाचावे, असा त्याचा क्रम असे. पुस्तक सकाळी परत करावयाचे असले, म्हणजे तो रात्र रात्र जागून ते वाचून काढी.

वाचलेले करून पाहावयाचे, ही त्याची लहानपणापासूनची रीत होती. सोळाव्या वर्षाच्या सुमारास शाकाहाराचा पुरस्कार करणारे एक पुस्तक त्याच्या वाचनात आले. ते त्याला पटले. तो भावाला म्हणाला, "माझ्या जेवणावर तू जितका खर्च करतोस, त्याच्या निम्मे पैसे मला दे. माझ्या जेवणाची व्यवस्था मीच करीन." भावाने ते आनंदाने मान्य केले. मिळालेल्या पैशांपैकीही निम्मे पैसे बेंजामिन शिल्लक टाकू लागला आणि त्यातून पुस्तके विकत घेऊ लागला. इतर मंडळी जेवावयास गेली, की तो पावाचा एखादा तुकडा, मूठभर मनुका व पाणी एवढ्यावर भागवी आणि उरलेला वेळ वाचनात घालवी. हलक्या आहारामुळे डोके तरतरीत राहते, असा अनुभव त्याला आला.

१७२३ साली तो बॉस्टन सोडून फिलाडेल्फियास गेला. पुढे सुमारे दीड वर्ष त्याने लंडनच्या छापखान्यांत काम केले. तेथील त्याचे सोबती दिवसभर बीअर पीत. त्यावाचून अंगात शक्ती राहत नाही, अशी त्यांची समजूत होती. फ्रँक्लिन मात्र केवळ पाणी पिई. तरीही इतर कामगार जुळवलेल्या खिळ्यांचा एक फर्मा दोन्ही हातांनी उचलून जिना चढत, तेव्हा फ्रँक्लिन प्रत्येक हातात एकेक फर्मा घेऊन तोच जिना चढे-उतरे. ते पाहून सोबत्यांना नवल वाटे.

१७२८ साली त्याने फिलाडेल्फिया येथे भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला. कोणतेही काम त्याला हलके वाटत नसे. विकत घेतलेला कागद तो स्वतः हातगाडीवर घालून भररस्त्याने छापखान्यात आणी. १७३१ साली त्याने मित्रांच्या साहाय्याने, वर्गणी भरणाऱ्यांसाठी एक ग्रंथालय स्थापन केले. पुस्तकांसाठी आपण सोसलेली अडचण इतरांच्या वाट्याला येऊ नये, याची सोय त्याने अशी करून दिली.

याच सुमारास निर्दोष होण्याचा एक धाडसी संकल्प त्याने केला. परंतु एका दोषावर लक्ष ठेवावे, तर दुसरा दोष डोके वर काढी. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की चांगले होण्याची नुसती इच्छा पुरेशी नाही. त्यासाठी सवय हवी, आणि सवयीसाठी पद्धत हवी. मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, स्वच्छता इत्यादी बारा गुणांची त्याने यादी केली. ती पाहून एका मित्राने त्याला स्पष्टच सांगितले, की लोक तुला गर्विष्ठ समजतात. फ्रँक्लिन रागावला नाही. त्याने यादीत तेरावा गुण लिहिला. तो गुण म्हणजे नम्रता.

मग त्याने एक लहान वही केली. प्रत्येक पानावर आठवड्याच्या सात दिवसांचे सात रकाने व तेरा गुणांच्या तेरा ओळी तांबड्या शाईने आखल्या. रोज रात्री तो दिवसाचा हिशेब घेई. ज्या गुणाच्या बाबतीत चूक घडली असेल, त्याच्या ओळीत एक काळा ठिपका देई. एका आठवड्यात मुख्य लक्ष एकाच गुणाकडे द्यावयाचे, असा त्याचा नियम होता. माळी सारी बाग एकाच दिवशी खुरपत नाही. एक वाफा स्वच्छ करून मगच दुसऱ्याकडे वळतो. त्याप्रमाणे तेरा आठवड्यांत तेरा गुणांची एक फेरी होई आणि वर्षात चार फेऱ्या होत. पुन्हा पुन्हा ठिपके खोडल्यामुळे वहीची पाने फाटू लागली. तेव्हा त्याने हस्तिदंताची पाने घेतली. त्यांवरील पेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता येत.

सर्वांत अधिक ठिपके पडत ते व्यवस्थितपणाच्या ओळीत. त्याने दिवसाचे वेळापत्रक आखले होते. पहाटे पाच वाजता उठून, आज कोणते चांगले काम करावे याचा विचार करावयाचा. संध्याकाळी सर्व वस्तू जागच्या जागी ठेवून आपल्या हातून कोणते चांगले काम झाले ते पाहावयाचे, आणि दहा वाजता झोपावयाचे. परंतु हे वेळापत्रक त्याला नीट पाळता येईना. तो अनेकदा निराश झाला. अशा वेळी त्याला एका मनुष्याची गोष्ट आठवे.

त्या मनुष्याने लोहाराकडून एक कुऱ्हाड विकत घेतली. तिचे पाते धारेसारखेच सर्वत्र चकचकीत व्हावे, असा त्याचा हट्ट होता. लोहार म्हणाला, "तू दगडी चाक फिरव, मी कुऱ्हाड घासतो." चाक फिरवता फिरवता तो मनुष्य थकून गेला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पुरे! आहे तशीच दे." लोहार म्हणाला, "अरे, अजून ती ठिपकेदारच आहे. फिरव आणखी!" तो मनुष्य उत्तरला, "मला ठिपकेदार कुऱ्हाडच अधिक आवडते!" प्रयत्नांचा कंटाळा आला, की मनुष्याला आपले दोषच आवडू लागतात. फ्रँक्लिनने मात्र चाक सोडले नाही.

तथापि वहीत सर्वच दोष उमटतात असे नाही. फ्रँक्लिनच्या यादीत न्याय हा गुण होता. परंतु त्याच्या घरी गुलाम होते, आणि त्याच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. समाजाच्या अंगवळणी पडलेला अन्याय भल्याभल्यांच्याही नजरेस येत नाही. १७६३ साली त्याने कृष्णवर्णीय मुलांची एक शाळा पाहिली. ही मुले आकलनात व स्मरणशक्तीत गोऱ्या मुलांच्या बरोबरीची आहेत, असे त्याने लिहिले. १७८७ साली तो गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी झटणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला. १७९० च्या फेब्रुवारीत गुलामगिरी नष्ट करण्याची विनंती करणारा अर्ज त्याने स्वतःच्या सहीने अमेरिकेच्या काँग्रेसपुढे ठेवला. काँग्रेसने ती मागणी मान्य केली नाही. आणि १७ एप्रिल रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, फ्रँक्लिनने देह ठेवला. पुष्कळ उशिरा का होईना, त्याने तोही ठिपका पुसण्याचा प्रयत्न केला.

आपल्या आत्मचरित्रात फ्रँक्लिनने म्हटले आहे, की आपण निर्दोष झालो नाही. परंतु प्रयत्न केला नसता तर झालो असतो त्याहून अधिक चांगले व अधिक सुखी झालो. दीर्घकाळ लाभलेल्या आरोग्याचे श्रेय त्याने मिताहाराला दिले, आणि संपत्तीचे श्रेय उद्योगाला व काटकसरीला दिले. मुलांनो, उत्तम पुस्तक वाटाड्यासारखे असते. ते मार्ग दाखवते. चालावे मात्र आपले आपल्यालाच लागते.

स्वाध्याय

१. फ्रँक्लिनने जेवणाच्या खर्चातून पुस्तकांसाठी पैसे कसे वाचवले?
२. यादीतील तेरावा गुण कोणता? तो यादीत कसा आला?
३. फ्रँक्लिनने एका आठवड्यात एकाच गुणाकडे मुख्य लक्ष का दिले?
४. कुऱ्हाडीच्या गोष्टीचे तात्पर्य स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. 'वहीत सर्वच दोष उमटतात असे नाही,' असे लेखकाने का म्हटले आहे?
६. पुढील शब्द वाक्यांत योजा : तोंडपाठ, अंगवळणी पडणे, डोके वर काढणे.
७. उपक्रम : स्वतःला हवा असलेला एक गुण निवडा. सात रकाने आखून एक आठवडा रोज रात्री त्याचा हिशेब ठेवा.