पॅक करण्याची कला

आमच्या तारोडीत नाताळात हाउजी रंगते आणि हॉस्टेलवर दिवाळीत तीन पत्ती. ‘होल्डेम’ पोकर हा तिचा चुलतभाऊ समजा. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मध्ये सर्वांसाठी पाच उघडी. सातांतून उत्तम पाच निवडायची. मॅथ्सच्या पेपरात रुक्ष वाटणारी प्रॉबॅबिलिटी इथे चक्क जिवंत होते! छोट्या रकमेच्या डावाचे चार नियम असे.

१) पॅक करा. हातात जोडी साधारण १७ डावांत एकदाच येते. पण छोट्या टेबलावर सगळेच प्रत्येक डाव खेळतात. तुम्ही कमी डाव खेळा. पाळी शेवटची असेल तर थोडं सैल खेळलं तरी चालेल, कारण बाकीचे आधी बोललेले असतात.

२) ब्लफ आवरा. पाच रुपयांसाठी कोणी पॅक करत नाही. ‘बघू तरी याच्याकडे काय आहे’ म्हणून कॉल करतोच. म्हणून पानं चांगली असतील तेव्हाच मोठं लावा.

३) हिशोब करा. हातात दोन बदाम, मध्ये चार पानांत दोन बदाम, एक पान उघडायचं बाकी. न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे पाचात एकदाही पुरतं नाही. पॉटमध्ये ४० होते आणि समोरच्याने २० लावले, तर ६० मिळवायला तुम्ही २० टाकणार. त्यासाठी चारात एकदा जिंकायला हवं. पॅक! पॉट आधीच १०० असता, तर कॉल बरोबर.

४) टेबलाचा वाटा ओळखा. कॅसिनो पॉटमधून कट घेतो. समजा, सहा जण हजार-हजार घेऊन बसले. पॉटमागे कट १० रुपये, तासाला ३० डाव. तासाला ३०० गेले. २० तासांत कटच ६००० होतो, म्हणजे सगळ्यांनी आणलेले सगळे पैसे! नुसतं मित्रांपेक्षा बरं खेळून भागत नाही, कटही भरून काढावा लागतो.

गोव्याच्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब हा भेदही ठेवला नाही.

तेव्हा काड्यापेटीतल्या काड्या लावून खेळा. गणित तेच राहतं, मेसचे पैसे शाबूत राहतात. आणि हरलेलं भरून काढायला रात्री दोन वाजता उधार मागणारा रूममेट दिसला, तर त्याला उधार देऊ नका. पत्ते आवरा आणि झोपायला पाठवा. पॅक कधी करायचं हे ज्याला कळलं, त्याला अर्धा पोकर कळला.