कच्च्या रस्त्यासाठी चेन निवडताना

हथखोजच्या औद्योगिक भागातून निघून मोटारसायकल कच्च्या रस्त्याला लागली, की उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल थेट चेनवर बसतो. म्हणून चेन किंमत पाहून नव्हे, तर तीन गोष्टी पाहून निवडावी.

पहिली, क्रमांक. ५२० मधला ५ म्हणजे दोन पिनांमधले अंतर ५/८ इंच. २० म्हणजे आतली रुंदी १/४ इंच. ४२८ क्रमांकाची चेन ५२० च्या स्प्रॉकेटवर चालत नाही.

दुसरी, सील. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिनेभोवती ग्रीस कोंडलेले असते, त्यामुळे धूळ सहसा आत शिरत नाही. साधी चेन हलकी असते, पण दर फेरीनंतर तिला धुऊन तेल द्यावे लागते. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश लावू नये, रॉकेल चालते.

तिसरी, जोड. क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवे. क्लिप उलटी बसली तर झुडपाला अडकून निघू शकते. मग चेन सुटून मागचे चाक जाम होऊ शकते आणि स्वार पडू शकतो.

झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेनही लवकर झिजते. म्हणून पूर्ण संच एकदम बदलावा, आणि निघण्यापूर्वी रोज क्लिप व चेनचा ढिलेपणा तपासावा.