मान टाकलेले रोप : निदान आणि उपचार

रोपाने मान टाकली असे आपण म्हणतो, तेव्हा आपण एक लक्षण सांगत असतो. रोगाचे नाव सांगत नसतो. ताप जसा अनेक व्याधींत येतो, तसेच रोपाचे वाकणेही अनेक कारणांनी घडते, आणि त्यांपैकी काही कारणे परस्परांच्या अगदी विरुद्ध असतात. तथापि तापाच्या बाबतीत वैद्य जी सावधगिरी बाळगतो, ती रोपाच्या बाबतीत आपण क्वचितच बाळगतो. वाकलेले रोप दिसताच हात झारीकडे जातो. रोप खरोखर तहानलेले असेल तर हा उपचार योग्यच होय. परंतु ज्याची मुळे आधीच पाण्यात गुदमरली आहेत, त्याच्या माथी आणखी पाणी पडले, तर दयाळू हातानेच त्याचा शेवट होतो. म्हणून प्रस्तुत पाठाचे सूत्र एकच आहे : आधी निदान, मग पाणी.

या निदानास आपली भाषाही साह्य करते. उन्हाने पान कोमेजते. ओलाव्याअभावी रोप सुकते. बुंधा कुजला की रोप कोलमडते. आणि मुळांतून वा खोडातून शिरलेल्या रोगाने हिरवेगार झाड बघता बघता जाते, त्यास शेतकरी ‘मर’ म्हणतो. हे शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत, कारण प्रत्येकामागील कारण वेगळे आणि उपायही वेगळा आहे. पुढील विवेचनात टोमॅटो, वांगी व मिरची यांची रोपे डोळ्यांसमोर ठेवली आहेत. कारण घरोघरी हीच रोपे प्रथम वाफ्यात किंवा कुंडीत तयार केली जातात.

रोप कशाने उभे राहते?

मोठ्या वृक्षाचे खोड काष्ठाच्या बळावर उभे असते. कोवळ्या रोपात काष्ठ जवळजवळ नसतेच. ते उभे राहते ते पाण्याच्या दाबावर. प्रत्येक पेशीतील पाणी पेशीभित्तीवर आतून दाब देते आणि त्यामुळे ऊतींना ताठरपणा येतो. हवा भरलेली सायकलची नळी ताठ होते, तसाच हा प्रकार आहे. पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते आणि मुळे तेवढेच पाणी आत घेत असतात. वनस्पतीच्या अंगातून किती पाणी जाते, याची पद्धतशीर मोजदाद स्टीफन हेल्स या इंग्रज संशोधकाने केली व ती १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जमाखर्चाची ही तोंडमिळवणी बिघडली, म्हणजे खर्च जमेपेक्षा अधिक झाला, की पेशी सैल पडतात आणि रोप मान टाकते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जमा कमी होण्याचे कारण मातीत पाणी नसणे हेच असेल असे नाही. पाणी भरपूर असून मुळांना ते घेता येत नसेल, तरी परिणाम तोच दिसतो. मुळे जिवंत पेशींची बनलेली असतात व त्यांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की तो मिळेनासा होतो, कारण पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. गुदमरलेले मूळ पाणी शोषू शकत नाही आणि रोप पाण्यात उभे राहून तहानेने वाकते. मातीत ओल आणि हवा यांचे योग्य प्रमाण असते त्या स्थितीला मराठी शेतकऱ्याने ‘वाफसा’ असे नेमके नाव दिले आहे. रोपाला नुसते पाणी नव्हे, तर वाफसा हवा असतो.

रायपूरचे हवामान आणि माती

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे आणि या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. विदर्भातून वा पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने बागकामाची आपली सवय येथे जशीच्या तशी चालवू नये. मे महिन्यात येथील पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो; त्यानंतर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा बहुतेक पाऊस पडतो. एकाच कुंडीतील रोपाला काही आठवड्यांच्या अंतराने तहान आणि बुडणे या दोन्ही आपत्तींना तोंड द्यावे लागते.

मातीचेही तसेच. छत्तीसगढी शेतकरी आपल्या जमिनीची चार नावे सांगतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा मुरमाड व लालसर असते आणि तिच्यात पाणी ठरत नाही. मटासी पिवळसर व हलकी असते. कन्हार ही काळी, चिकण माती. ती ओली असता चिकटते आणि वाळली की भेगाळते. डोरसा ही मटासी आणि कन्हार यांच्या मधली. अंगणात किंवा कुंडीत कोणती माती आहे हे ज्यास ठाऊक नाही, त्याने पाण्याचे वेळापत्रक ठरवू नये. भाटा मातीला रोज लागणारे पाणी कन्हार मातीत रोपाचा घात करील.

या प्रदेशाचे मुख्य पीक धान. धानाचे रोप पाण्यात उभे राहून वाढते, हे पाहून इतर रोपांनाही पाणी मानवेल असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु धानाच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ्यांचे जाळे असते व त्यांतून प्राणवायू पानांकडून मुळांपर्यंत पोचतो. टोमॅटो वा मिरचीजवळ ही सोय नाही.

पाच प्रश्न

निदानासाठी पुढील पाच प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न वेळेचा. रोप केव्हा वाकते? दुपारी कोमेजून सायंकाळी आपोआप सावरत असेल, तर तो रोग नव्हे. उन्हात खर्च जमेपेक्षा वाढला, एवढेच. सकाळीही रोप वाकलेलेच असेल, तर मात्र पुढे पाहावे.

दुसरा प्रश्न मातीचा. बोट दोन पेरे खोल घालून पाहावे. वरची माती कोरडी आणि आत चिखल, हा प्रकार नेहमीचा आहे. कुंडी उचलून तिचे वजनही अजमावावे.

तिसरा प्रश्न बुंध्याचा. मातीलगतचा भाग निरोगी, भरीव आहे की पाणी धरल्यासारखा, काळपट व दोऱ्याइतका बारीक झाला आहे?

चौथा प्रश्न मुळांचा. एखादे रोप मातीसकट अलगद काढावे. पांढरी, टणक मुळे निरोगी. तपकिरी, लिबलिबीत व आंबूस वासाची मुळे कुजलेली.

पाचवा प्रश्न इतिहासाचा. एकच रोप वाकले की शेजारीही वाकत आहेत? मागील आठवड्यात खत दिले होते काय? रोप नुकतेच हलविले होते काय?

कारणे आणि उपाय

१. तहान. माती कोरडी, कुंडी हलकी, पाने पातळ व लोंबती. अशा वेळी एकदम पुष्कळ पाणी ओतू नये. वाळलेली माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते व पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. कुंडी अर्धा तास पाण्याच्या परातीत ठेवावी, मग बाहेर काढून निथळू द्यावी. रोप सावलीत ठेवल्यास काही तासांत ते बहुधा सावरते.

२. अतिपाणी. माती ओली, कुंडी जड, खालची पाने पिवळी. टोमॅटोमध्ये एक विशेष खूण दिसते : पानांचे देठ खाली वळतात, परंतु पाने सैल न पडता ताठ असतात. प्राणवायूच्या अभावी मुळांत तयार झालेले एक द्रव्य वर जाते, पानांत त्याचे एथिलीन वायूत रूपांतर होते आणि त्यामुळे देठ वाकतात. येथे पाणी तत्काळ बंद करावे. कुंडीचे छिद्र मोकळे करावे, माती काडीने हलकेच उकरावी व रोप हवेशीर सावलीत ठेवावे. खत देऊ नये. मुळे कुजू लागली असतील, तर कुजका भाग कापून पोयटा, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू यांच्या समभाग मिश्रणात रोप पुन्हा लावावे.

३. रोप कोलमडणे. पाने अजून हिरवी, पण बुंधा मातीलगत गळलेला, आणि वाफ्यात पडलेल्या रोपांचे वर्तुळ रोज मोठे होत जाते. पिथियम, रायझोक्टोनिया आदी सूक्ष्मजीव यास कारण होतात. बिहारातील पुसा येथील ई. जे. बटलर यांनी पिथियमचा सविस्तर अभ्यास १९०७ साली प्रसिद्ध केला होता. पूर्वी पिथियमची गणना बुरशीत होत असे. आता त्याला खऱ्या बुरशीपासून वेगळे मानतात. त्याचे चल बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून साचलेले पाणी हेच त्याचे वाहन ठरते. पडलेले रोप वाचत नाही, हे स्पष्टपणे स्वीकारावे. वाचवायचे ते शेजाऱ्यांना. पडलेली रोपे भोवतालच्या मातीसह काढून नष्ट करावीत, दाटी विरळ करावी, पाणी कमी करावे व उरलेल्या रोपांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइडचे द्रावण, वेष्टनावरील सूचनेनुसार, लिटरला सुमारे ३ ग्रॅम या प्रमाणात घालावे.

४. मर. थोडे मोठे झालेले टोमॅटोचे किंवा वांग्याचे रोप पिवळे न पडता अकस्मात वाकते व पाण्याने सावरत नाही. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचपेल्यात धरावा. कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे तंतू उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर होय. यावर उपचार नाही. रोप मुळासकट उपटून नष्ट करावे. खतखड्ड्यात टाकू नये. त्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची वा बटाटा पुन्हा लावू नये.

५. खताचा अतिरेक. माती ओली, मुळे पांढरी, तरी रोप वाकलेले आणि पानांच्या कडा करपलेल्या. मातीतील क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे कठीण जाते. कुंडीतून पाण्याचा निचरा नीट होत असेल, तर भरपूर स्वच्छ पाणी आरपार वाहू देऊन क्षार धुवून काढावेत. येथे अधिक पाणी हेच औषध ठरते. तेच पाणी दुसऱ्या कारणात विष होते.

६. स्थलांतर. रोप उपटताना बारीक मूलरोम तुटतात व जमा काही दिवस घटते. म्हणून स्थलांतर सायंकाळी करावे, मुळांभोवतीची माती सांभाळावी आणि चार-पाच दिवस सावली द्यावी.

७. प्रकाशाचा अभाव. खोलीच्या कोपऱ्यातील रोप लांबट, फिकट होऊन स्वतःच्या भारानेच लवते. त्यास क्रमाक्रमाने उजेडात आणावे; एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नये. टोमॅटोच्या खोडातून नवी मुळे फुटतात, म्हणून त्याचे लांबट रोप थोडे खोल लावल्यास सावरते.

पुढील पेरणीची तयारी

वाफा गमावणे म्हणजे केवळ बियाण्याची नासाडी नव्हे. पावसाळ्यात रोपे कोलमडली, तर पुन्हा पेरून ती लावणीयोग्य होईपर्यंत चार-सहा आठवडे जातात आणि हंगाम हातचा निसटतो. म्हणून प्रतिबंध श्रेष्ठ. वाफा जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटर उंच करावा. बियाणे विरळ पेरावे. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत मातीचा पृष्ठभाग सुकतो. किलोभर बियाण्यास ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळल्याने रोगजंतूंस प्रतिबंध होतो. एप्रिल-मे महिन्यांत ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरून ठेवले, तर उन्हाच्या उष्णतेने मातीतील पुष्कळ रोगजंतू मरतात. इस्रायलमध्ये १९७६ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत रायपूरच्या उन्हाळ्यास विशेष सोयीची आहे. ज्या उन्हाबद्दल आपण कुरकुर करतो, तेच येथे उपयोगी पडते. निदान जमत नसेल, तर १९८७ साली स्थापन झालेल्या येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयातील तज्ज्ञांना रोप मातीसह दाखवावे.

उपचारानंतर जुन्या पानांकडे पाहून निराश होऊ नये. वाकलेली, करपलेली पाने अनेकदा पूर्ववत होत नाहीत. दृष्टी ठेवावी ती शेंड्यावर. तेथे फुटलेले नवे पान हिरवे व ताठ असेल, तर मुळांचे काम पुन्हा सुरू झाले असे समजावे, आणि पुढचे पाणी मातीत बोट घालून पाहिल्यानंतरच द्यावे.